तांबूचं गाऱ्हाणं

पावस, ९ जानेवारी २०२५

ताई,

नमस्कार. एवढा एक शब्द लिहायला माझी अर्धी सकाळ गेली, तेव्हा तो तरी नीट वाच.

एकमेकींना फोन करायचा नाही हे आपलं न बोलताच ठरलेलं आहे. पत्राचं तसं काही ठरलं नव्हतं, म्हणून लिहिते. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच फडताळात टाकलंस तर माझा इलाज नाही. पण विषय तांबूचा आहे. आईचा कुत्रा तो, म्हणजे माझ्याइतकाच तुझा. तुला न कळवता काही केलं तर उद्या तू म्हणशील, दमूनं परस्पर उरकलं. परस्पर उरकणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. आईला चार दिवस म्हणून तुझ्याकडे अलोऱ्याला नेलंस, आणि मला निरोप आला तो ती गेल्यावर. मी ते विसरलेले नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल.

तर तांबू दिवाळीपासून लंगडतोय. पुढचा उजवा पाय. आधी वाटलं काटा गेला असेल, कलमांखाली काय काय पडलेलं असतं. ह्यांनी हळद-तेल गरम करून लावलं. मग मनगटाच्या वर सूज आली, टणक, हात लावू देईना. मग सर्वेशला बोलावलं.

तुझा मुलगा आमच्याकडे येतो हे तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे. मी त्याला कधी विचारलं नाही आणि तोही बोलला नाही. हातखंब्याला दवाखाना टाकल्यापासून इकडे कुणाची गाय, कुणाची शेळी बघायला आला की पडवीत बसतो, चहा घेतो, घावने असले तर चार खातो, "मावशी, मीठ कमी पडलंय" म्हणतो आणि जातो. तुझ्या घरातून माझ्या घरात येणारं तेवढं एकच माणूस आहे.

त्यानं तांबूला रत्नागिरीत नेऊन पायाचा फोटो काढून आणला. हाडाचा कॅन्सर म्हणाला. "मावशी, त्याचं वय झालंय. दुखण्याच्या गोळ्या देऊ. खाणं सोडलं की मला बोलव, मी शांतपणे झोपवीन त्याला." असं म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता, फोटोकडे बघत होता. "दुसरं काहीच नाही का रे?" विचारलं, तर म्हणाला, "नको ना मावशी आता."

आता तूच सांग, मी काय करू? हा कुत्रा मरायला टेकल्यासारखा दिसत नाही गो. बांगड्याचं डोकं टाकलं तर तीन पायांवर धावत येतो. फक्त दुपारी कण्हत पडतो, आणि ते कण्हणं ऐकून मला दुपारची आडवी होता येत नाही. आंब्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर सांगत होता, कोल्हापूरला जनावरांच्या हाडांचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. एकदा त्यांना दाखवावं असं मला वाटतं. पण दाखवायचं म्हणजे सर्वेशच्या तोंडावर सांगायचं, की बाबा, तुझ्यावर भरवसा नाही. मग तो कशाला पुन्हा पडवीत बसेल? तो यायचा थांबला की तुझं-माझं काहीच उरलं नाही.

म्हणून तुलाच विचारते. नेऊ की नको, एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस, मीही मागत नाही.

दमयंती


पावस, २० जानेवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही ओटीवर बसून पोस्टमनची वाट बघत नव्हते. म्हणजे बघत होते, पण मोहोरावर फवारणी चाललीय म्हणून बाहेरच बसावं लागतं.

आता एक गोष्ट तुझ्या कानावर येईलच, तेव्हा माझ्याकडून आलेली बरी.

ह्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. जन्म बोटीवर गेला, तिथे कप्तान सांगेल ते करायचं. आता घरी कप्तान नाही, तर कुठलाही निर्णय घ्यायचा म्हटलं की हे दुसऱ्या कुणाकडे तरी बघायला लागतात. म्हणाले, "आपण कशाला डोकं फोडायचं? देवाला कौल लावू. देव म्हणेल तसं करू. म्हणजे सर्वेशलाही काही बोलायला नको आणि कुणाला कळायलाही नको." मला ते पटलं गो. थकले होते मी. कुणीतरी दुसऱ्यानं ठरवावं असं मलाही झालं होतं.

कुणाला कळायला नको म्हणे! साठी उलटली आमची, जन्म या गावात गेला, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही की गुरव गाऱ्हाणं घालतो ते मोठ्यानं घालतो.

परवा शनिवारी गेलो. देवळात माणसं कमी असतील म्हटलं, तर नेमकी जत्रेच्या तयारीची बैठक. सगळी वाडी सभामंडपात. मी ह्यांना खुणेनं म्हटलं, परत फिरू. पण गुरवानं तोपर्यंत नारळ घेतला होता. त्यानं देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा महाराजा! आज ह्या लवूनं तुझ्या पायाशी गाऱ्हाणं घातलान!"

"होय महाराजा!" सगळा मंडप.

"त्याच्या तांबू कुत्र्याच्या पायाला हातखंब्याच्या सर्वेश डॉक्टरानं कॅन्सर सांगितलान!"

"होय महाराजा!"

"सर्वेश डॉक्टर त्याच्या बायकोच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, पण लवूच्या मनाला शंका आली! तर सर्वेशाचं खरं मानायचं, की कोल्हापूरच्या डॉक्टराकडे न्यायचं, ह्याचा काय तो निवाडा कर, आणि तुझ्या लेकराचा घोर दूर कर!"

"होय महाराजा!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळ्यात मोठ्यानं "होय महाराजा" म्हणणारी सावित्री माझ्या मागेच उभी होती. तिची म्हैस सर्वेशच बघतो. ती डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होती आणि मी देवाकडे.

उजवी पाकळी पडली. गुरव म्हणाला, "देवानं उजवा दिलान. डॉक्टर सांगतो तेच खरं." म्हणजे देवही तुझ्या मुलाच्या बाजूनं. हे सुटल्यासारखे झाले, घरी येऊन जेवून झोपले. मला मात्र उलटंच झालं. पाकळी पडली त्या क्षणी माझ्या मनात आलं, नाही, मला हे मान्य नाही. देवासमोर उभं राहून असं वाटणं बरं नव्हे, पण वाटलं ते वाटलं.

सर्वेश तेव्हापासून आलेला नाही. गोळ्या संपत आल्यात, तर त्यानं दवाखान्यातल्या माणसाबरोबर पाठवल्या. स्वतः आला नाही. सावित्रीच्या म्हशीनं आपलं काम केलेलं दिसतंय.

दमयंती


पावस, २४ जानेवारी

ताई,

सर्वेश काल आला. आज लगेच लिहितेय, कारण तुझ्या मुलाबद्दल आहे.

गाडी दगडी गडग्याशी लावली, तांबूला तपासलं, गोळी बदलली, हात धुतले. चहा ठेवते म्हटलं तर "नको" म्हणाला. त्यानं चहाला नको म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग पडवीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, माझं निदान गुरवाकडे तपासायला का नेलंत?"

हे आत निघून गेले, त्यांना एकदम पंप बंद करायचं आठवलं.

"कोल्हापूरला न्यायचं होतं तर मला सांगायचंस ना! मी चिठ्ठी दिली असती. डॉक्टर लोक रोज पाठवतात एकमेकांकडे, त्यात कोण रागावतो? मी स्वतः पाठवतो. पण तुम्ही मला लपवून देवाला विचारलंत. आता मी कुठेही गेलो की लोक विचारतात, काय डॉक्टर, पास झालात का?"

आणि ताई, एवढं बोलून त्याला हसू आलं. मलाही आलं. मग मला रडू आलं. मी म्हटलं, "अरे, तू यायचा बंद होशील म्हणून नाही बोलले." तो म्हणाला, "मी कशाला बंद होईन? मी काय आई आहे का?"

हे तुला झोंबेल. झोंबू दे. त्यानं जसं म्हटलं तसं लिहिलंय.

मग चहा प्याला. आणि आपणहून म्हणाला, "चल, मीच नेतो कोल्हापूरला. फोटो माझ्याकडे आहेत." ह्यांना बोलावून सांगितलं तर ह्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "देव म्हणाला सर्वेशचं ऐका. आता सर्वेशच म्हणतो कोल्हापूर. म्हणजे आपण कौल मोडला असं नाही होत." ह्यांच्यासारखं डोकं देवानं सगळ्यांना दिलं असतं तर कोर्टकचेऱ्या ओस पडल्या असत्या.

बुधवारी जातोय. तुला विचारत नाही, कळवतेय.

दमयंती


पावस, ३१ जानेवारी

राजश्रीताई,

आज "नमस्कार" लिहीत नाही.

परवा आम्ही कोल्हापूरला गेलो. सर्वेश गाडी चालवत होता, मी मागे तांबूचं डोकं मांडीवर घेऊन. आंबा घाटात तो दोनदा ओकला, साखरप्याला पाणी पाजलं होतं ते सगळं माझ्या साडीवर. डॉक्टरीणबाई चांगल्या वाटल्या. वयानं सर्वेशहून थोड्या मोठ्या. त्यांनी पाय बघितला, सुईनं नमुना घेतला, छातीचा वेगळा फोटो काढला. मग म्हणाल्या, नमुन्याचं उत्तर यायचंय, पण पायात कॅन्सरच दिसतो. सर्वेशचं बरोबर होतं. छाती अजून स्वच्छ आहे. पाय खांद्यापासून काढला तर दुखणं जाईल. जगेल किती ते सांगता येत नाही, काही महिने, कदाचित वर्ष. पण जगेल ते न कण्हता. तीन पायांवर कुत्री छान चालतात.

आणि मग त्या सर्वेशला म्हणाल्या, "हे तुम्ही यांना सांगितलंच असेल." सर्वेश खाली बघायला लागला.

बाहेर बाकावर बसल्यावर मी त्याला धरलं. "तुला ठाऊक होतं?" म्हणाला, हो. "मग मला का नाही सांगितलंस?" तेव्हा म्हणाला, "आईला फोन केला होता. ती म्हणाली, कापाकापी करायची नाही, दमूला ते सांगूच नकोस."

म्हणजे तुला तांबूचं माझ्या पत्राआधीपासून माहीत होतं. मी इथे देवापुढे उभी राहिले, अख्ख्या वाडीनं "होय महाराजा" म्हटलं, आणि ज्याला मी डॉक्टरचं मत समजत होते ते तुझं होतं! आईच्या वेळी ठरवलंस तसं इथेही तूच ठरवून मोकळी. माझ्या दारातल्या कुत्र्याचं, मला न विचारता! मी त्याला रोज भात कालवून घालते. तू त्याला शेवटचं पाहिलंस कधी?

मी इतकी संतापले की तिथेच तुला फोन लावणार होते. सर्वेशनं माझा हात धरला. म्हणाला, "मावशी, थांब. आजीचं तुला माहीत नाही."

परतीच्या वाटेवर त्यानं मला सगळं सांगितलं. गाडीत, माझ्याकडे पाठ करून. बरं झालं, समोरासमोर त्याला जमलं नसतं.

आज एवढंच. मला काय वाटतंय ते माझं मलाच नीट कळत नाही.

दमयंती


पावस, ६ फेब्रुवारी

ताई,

गेला आठवडाभर मी घरात फिरतेय नुसती. हे भांडी तेवढी घासून ठेवतात.

मला तू सांगितलं होतंस, आई झोपेत गेली. शांत गेली, कळलंही नाही. मी ते धरून बसले होते. तुझा राग आला तरी निदान ती शांत गेली एवढं मनाला होतं. आणि आता कळतं, एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. नाकात नळी, मानेत नळी. नळ्या उपसते म्हणून तिचे हात कॉटला बांधलेले. आणि ती म्हणत होती, "मला पावसला न्या, दमूकडे न्या."

सर्वेश म्हणाला, तू मला कळवलं नाहीस, कारण मी आले असते तर तिला उचलून घरी आणलं असतं, आणि तुला तेव्हा अजून वाटत होतं की ती बरी होईल. नंतर कळवायला तोंड राहिलं नाही. म्हणाला, आई अजून पण कधीतरी जेवताना मधेच थांबते आणि स्वतःच्या मनगटांकडे बघते.

ताई गो, मी तुला काय लिहू? तू बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही. मला बोलवायला हवं होतंस. ती माझं नाव घेत होती आणि मी इथे फणसपोळ्या वाळवत बसले होते, ह्याचं दुःख मला मरेपर्यंत पुरेल. पण तू दुष्टपणानं केलंस असंही आता म्हणवत नाही. मी तिथे असते तर मीसुद्धा डॉक्टरांचे पाय धरून म्हटलं असतं, काहीही करा पण तिला वाचवा. आईला सोडायची छाती आपल्या दोघींत कुणाला होती?

आता तांबूचं. नमुन्याचं उत्तर आलं, कॅन्सरच आहे. सर्वेशनं तुला फोन केला आणि तू पुन्हा तेच म्हणालीस, म्हणे, "मुक्या जिवाला सुखानं जाऊ दे, त्याचे हाल नकोत." तुला असं का वाटतं ते मला आता कळतं. तुझ्या डोळ्यांसमोर ती कॉट आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर हा कुत्रा आहे. आईला सुया टोचल्या त्या तिनं जाऊ नये म्हणून. ह्याचा पाय काढायचा तो त्याला दुखू नये म्हणून. मी डॉक्टरीणबाईंना तीन-तीनदा विचारून घेतलंय. त्यांना शेवटी कंटाळा आला असेल, पण मी विचारलं.

आणि तांबू म्हणजे आई नव्हे, ताई. आई गेली. तिचं आता कुणाला काही करता येणार नाही, तुलाही नाही आणि मलाही नाही. हा अजून आहे, आणि हे लिहिताना माझ्या पायाशी पडून कण्हतो आहे.

मी पाय काढून घेणार आहे. सर्वेश म्हणाला, "आईशी एकदा बोल." मी बोलत नाही, लिहितेय, माझी मजल आज एवढीच. मंगळवारी कोल्हापुरात ऑपरेशन आहे, सकाळी. तुला आवडणार नाही हे मला माहीत आहे. पण तुला आधी कळलंय. यायचं असेल तर येता येईल, नसेल यायचं तर नको येऊस.

दमू


पावस, २३ फेब्रुवारी

ताई,

तू मंगळवारी आली नाहीस. मी दाराकडे बघत होते, खोटं कशाला बोलू? सर्वेशचा फोन मात्र दर अर्ध्या तासानं वाजत होता आणि तो उठून बाहेर जिन्यात जाऊन बोलत होता. मला काय कळत नाही का, कुणाचा ते? नंतर घरी आणल्यावरही रोज संध्याकाळी तेच. इथल्या कलमांनासुद्धा आता कळलं असेल.

तांबूचं सांगते, म्हणजे सर्वेशकडून अर्धवट कळायला नको. पहिले चार-पाच दिवस वाईट गेले. उठायला बघायचा, उजवीकडे कलंडायचा, आणि आपल्याला काय झालं ते न कळून माझ्याकडे बघायचा. त्या दिवसांत मी मनातल्या मनात म्हटलं, ताई म्हणत होती तेच बरोबर असावं, मी ह्याचे हाल केले. ह्यांनी गोणपाटाची झोळी करून त्याच्या पोटाखालून धरली आणि सकाळ-संध्याकाळ दारच्या खळ्यात फिरवलं. बोटीवरच्या दोरखंडांचा अनुभव शेवटी कामाला आला म्हणाले. मग एका सकाळी मी मासे साफ करत होते, तर हा झोळीबिळी सोडून आपला आपण आला आणि शेजारी बसला. टाके काल सर्वेशनं काढले.

दुपारी कण्हत नाही आता. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. काल जेवून आडवी झाले आणि घर इतकं गप्प का वाटतंय म्हणून उठून बघायला गेले, तर तो पडवीत पसरून घोरत होता.

किती दिवस काढेल ते माहीत नाही. पावसाळा बघेल असं सर्वेश म्हणतो, पण तो आता माझ्याशी फार जपून बोलतो. गावात विचारतात, कौलाचं काय झालं? हे सांगतात, देवाच्या सांगण्यावरूनच केलं. सावित्री म्हणाली, "होय महाराजा."

मी दमलेय, ताई. तुझ्यावर रागावूनही दमलेय. इतकी वर्षं राग धरून ठेवायचा म्हणजे काय कमी काम आहे? आणि तो सोडला तर त्या जागी काय ठेवायचं तेही मला सुचत नाही. फक्त एक गोष्ट हवी आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणाजवळ नाही. आई त्या दिवसांत काय काय बोलली ते मला ऐकायचं आहे. माझं नाव घेतलं ते कसं घेतलं, आणखी कुणाची आठवण काढली, रागावली का, तांबूचं काही विचारलं का. हात बांधलेले होते तेही सांग, गाळू नकोस. सर्वेश येऊन-जाऊन होता, तू तिच्या उशाशी होतीस. एवढं सगळं तू एकटीनं घेऊन बसलीस आणि त्यातलं निम्मं माझं होतं.

ते पत्रात लिहू नकोस. सर्वेशच्या गाडीत बस आणि इथे येऊन सांग.

दमू